मडमिणीचा खोकला

सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही, आणि ज्याला लगेच खरं वाटेल त्याच्याबद्दल जरा काळजीच वाटेल. वीज मंडळात चौतीस वर्षं मीटर वाचून रिटायर झालेला, सहासष्ट वर्षांचा जगन घरत मंगळवारी दुपारी पनवेलच्या कॉलेजात, एम. ए. इंग्रजीच्या वर्गात उभा राहून एका मडमिणीच्या मरणावरचा चौदा पानी निबंध वाचत होता, आणि अकराव्या पानावर आल्यावर त्याला कळलं की ती बाई कशाने मेली हेच आपल्याला ठाऊक नव्हतं. विषय त्याने स्वतः निवडला होता. दुसऱ्या सेमिस्टरला लावलेल्या त्या जाड्या कादंबरीत शेवटच्या शंभर पानांत 'कन्झम्प्शन' हा शब्द नऊ वेळा येतो. नऊही ठिकाणी त्याने लाल पेनाने रेघ मारली होती. बाकीच्या पोरापोरींना कादंबरीतला प्रत्येक तिसरा शब्द डिक्शनरीत बघावा लागायचा, पण हा शब्द जगनच्या घरचा होता. मीटरच्या कार्डावर तीन रकाने असायचे: मागचं रीडिंग, चालू रीडिंग आणि कन्झम्प्शन. चालूतून मागचं वजा केलं की उरतं ते कन्झम्प्शन. चौतीस वर्षं, महिन्याला हजारभर घरं, प्रत्येक घरापुढे त्याने तो आकडा स्वतःच्या हाताने मांडला होता. तेव्हा मडमीण मोठ्या घरात नांदते, दर संध्याकाळी चाळीस मेणबत्त्या लावते, चार खोल्यांत कोळसा जाळते, जेवायला तीन प्रकारचे चमचे वापरते, आणि मग डॉक्टर येऊन नवऱ्याला सांगतो की बाईंचं कन्झम्प्शन फार पुढे गेलंय, तेव्हा नवरा पांढराफटक पडतो. बिल बघून पांढरेफटक पडलेले नवरे जगनने पनवेलात गल्लोगल्ली पाहिले होते. पुढे बाईला समुद्रकाठच्या लहान घरात ठेवतात, खिडक्या उघड्या ठेवतात, तिला कोणी भेटायला येऊ नये असं बघतात. बरोबरच आहे, खर्च कमी करायचा तर असंच करावं लागतं. बसत नाही अशी एकही गोष्ट नव्हती. जगनने मेणबत्त्यांचा तक्तासुद्धा काढला होता.

मिथुन म्हणून मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, काका, तुम्ही तर मडमिणीचं लाइट बिल काढलंत, ती टीबीने गेलीय. वर्ग हसला. वाईट हसला नाही, वर्गात जगनला सगळे मानायचे, कारण कॅन्टीनमध्ये तो एकेक थाप अशी मारायचा की वडापाव गार व्हायचा. हेतल मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ह्या निबंधाला आधीच वीसपैकी अठरा दिले होते आणि वर 'व्हेरी ओरिजिनल' लिहिलं होतं, कारण त्यांना वाटलं होतं की काकांना अर्थ माहीत आहे आणि मुद्दाम शब्दाशी खेळलेत. आता दिलेले मार्क परत घ्यावेत की आपलंच चुकलं म्हणून सोडून द्यावं, असा हिशेब त्यांच्या कपाळावर दिसला. मग मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "काका, त्या काळात टीबीलाच कन्झम्प्शन म्हणायचे. आजार माणसाला आतून वापरून संपवतो ना, म्हणून." जगनही हसला. थापाड्याचा पहिला नियम असा की लोक हसायच्या आत अर्धा श्वास आधी आपण हसायचं. तो म्हणाला की मला माहीत होतं, वर्ग जागा आहे का ते बघत होतो. त्यावर आणखी हसू झालं आणि तो खाली बसला. बसताना त्याचा पाय बाकाखालच्या पिशवीला लागला. पिशवीत ती कादंबरी होती, आणि कादंबरीत तीनशे बारा आणि तीनशे तेरा ह्या पानांच्या मध्ये वेणूचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, रिपोर्ट घडी घालून ठेवलेला होता.

एम. ए. करायचं कारणही थापच होती. सुकापूरला सोसायटीत राहायला आल्यावर सेक्रेटरीशी बोलता बोलता जगन म्हणून गेला की मी इंग्रजी घेऊन एम. ए. केलंय. खरं म्हणजे पंचविसाव्या वर्षी बाहेरून बी. ए. केलं होतं, थर्ड क्लासात. सेक्रेटरीने दुसऱ्याच दिवशी बिल्डरला पाठवायचं पत्र लिहायला दिलं, मग पाण्याच्या टाकीचं, मग लिफ्टवाल्याला नोटीस. सहा महिन्यांनी वेणू म्हणाली की आता शिकून टाका, म्हंजे बोललेलं खरं तरी होईल. तेव्हापासून आठवड्यातून चार दिवस तो नातवाच्या वयाच्या पोरांत बसायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन त्या दिवशीची कादंबरी वेणूला त्यांच्या बोलीत सांगायचा. मडमीण हे नाव तिनेच ठेवलं होतं. कादंबरीच्या सुरुवातीला खाडीकाठच्या दलदलीचं अकरा पानं वर्णन आहे, हेतल मॅडम म्हणाल्या की परीक्षेला येत नाही, सिम्बॉलिक आहे, सोडून द्या. जगनने ती अकरा पानं तीनदा वाचली. भरतीचं पाणी कुठल्या बांधावर कधी चढतं, चिखल सुकताना कुठला वास सुटतो, हे त्या इंग्रजाने इतकं नीट लिहिलं होतं की ह्याचा बापही मिठागरात राबत असणार असं जगनला वाटलं. जगनचा बाप राबला होता. पहाटे कुंडातलं पाणी बोटाने चाखून आज मीठ धरेल की नाही हे तो सांगायचा, आणि सांगितलं तसंच व्हायचं. मग चाखणं सुटलं आणि खोकला आला. घरात कोणी त्या खोकल्याला नाव दिलं नाही. जगनच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, त्याला नुकतीच मंडळात नोकरी लागली होती, दिवसभर तो घरोघरच्या कार्डावर कन्झम्प्शन लिहायचा आणि रात्री येऊन बापाच्या पाठीला तेल लावायचा. शब्द एकच होता, हे कळायला चाळीस वर्षं आणि एक मडमीण लागली.

वर्ग सुटल्यावर तो रिक्षा न करता एसटी स्टँडच्या दिशेने चालत निघाला. जुन्या पनवेलात त्याला रस्ते कधी नावाने लक्षात राहिले नाहीत, मीटरने राहिले. ह्या दुकानाचं मीटर जिन्याखाली, पालीच्या मागे. त्या घरचं देवघरात, चपला काढून जावं लागायचं. कोपऱ्यावरच्या व्यापाऱ्याकडे म्हातारी पोथी वाचायला बसली की मीटर उलटं फिरायचं, अशी थाप त्याने इतक्या घरी मारली होती की एकाने खरोखर पोथी आणली होती. चालताना हेतल मॅडमचं वाक्य डोक्यात पुन्हा पुन्हा येत होतं, पण त्यांच्या आवाजात नाही. ते डॉक्टरच्या आवाजात येत होतं. शुक्रवारी डॉक्टरने वेणूला तपासून झाल्यावर, काका, जरा बाहेर या, एवढंच म्हटलं होतं. वेणू फाइल मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली आणि जगन बाहेर गेला. बाहेर म्हणजे काय, चपलांचं कपाट आणि पाण्याचा कूलर ह्यांच्या मधली दोन हात जागा. इंग्रजांच्या कादंबऱ्यांत ह्यासाठी मोठमोठे व्हरांडे असतात. डॉक्टर हातमोजे काढतो, नवरा खिडकीतून झाडांकडे बघतो, आणि जिचं मरण आहे ती आतल्या खोलीत उशीला टेकून पत्र लिहीत असते. जगनने हे वहीत टिपून ठेवलं होतं: थीम नंबर चार, लपवणूक. आजारी माणूस सोडून सगळ्यांना माहीत असतं. त्याला तेव्हा ही इंग्रजांची रीत वाटली होती. शुक्रवारी कूलरवर पाण्याचा ग्लास भरायला येणाऱ्या माणसाला वाट देत देत त्याने ऐकलं की फुप्फुसातली गाठ साधी नाही, कॅन्सर आहे, पसरलाय, मुंबईला दाखवा, उपचार आहेत, त्रास कमी करता येईल. किती, असं त्याने विचारलं. डॉक्टरने रिपोर्ट त्याच्या हातात दिला आणि म्हणाला की असं सांगता येत नाही, सरासरी आठ-दहा महिने.

सरासरी हा शब्द डॉक्टरने दुसऱ्या कोणाजवळ वापरला असता तर चाललं असतं. जगनला त्याची आतली बाजू माहीत होती. घराला कुलूप असलं, आत जाता आलं नाही, मीटर दिसलं नाही की रीडर सरासरी टाकतो. मागच्या तीन महिन्यांचा आकडा काढायचा आणि ठोकून द्यायचा. म्हणजे आपण आत बघितलेलं नाही, एवढंच सरासरीचं म्हणणं. ऊन लागायला लागलं की उघड्या घरांनाही सरासरी टाकून तो चहाला बसायचा, आणि पुढच्या महिन्यात लोक भांडायला येत तेव्हा एखादी गोष्ट सांगून त्यांना हसवायचा. सगळी नोकरी अशीच गेली म्हणा ना. स्टँडवर अलिबागची गाडी लागली होती, लोक खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होते. जगन उगाच थोडा वेळ तिकडे बघत उभा राहिला. उरणची गाडी कुठे लागते हे त्याला ठाऊक होतं, तिकडे त्याने बघितलं नाही.

कारण उरणजवळ ठमाबाई राहायची, वेणूची थोरली बहीण, आणि नऊ वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. ठमाबाईच्या पोरीच्या हळदीला धवलारीण आली होती. मांडवात बसून ती गाणी म्हणते, आणि गाण्यात घरातल्या एकेकाचं नाव घेते, मामाचं, आत्याचं, मेलेल्या आजोबाचंही. नावं कोणती घ्यायची ते घरची बाई आधी तिच्या कानात सांगते. त्या रात्री सगळ्यांची नावं झाली, शेजारच्या घरातल्यांचंसुद्धा झालं, आणि पोरीच्या सख्ख्या मावशीचं राहिलं. ठमाबाई म्हणाली की विसरले. वेणू म्हणाली की असं कोणी विसरत नसतं, आणि हळदीच्या ओल्या हातांनीच निघून आली. त्यानंतर दोन लग्नं झाली, एक मयत झालं, पण कोणी कोणाकडे गेलं नाही. आणि शुक्रवारी क्लिनिकमधून रिक्षात बसताना वेणू शांतपणे म्हणाली होती, "मोठं काय निघालं असंल तं मना सांगा. मना ठमीकडे जायाचं हाय मग. आन साधं असंल तं मी नाय जायाची. तिनं यावा." तेव्हापासून चार दिवस ती विचारत होती की रिपोर्ट आला का, आणि तो सांगत होता की नाय आला, मशीन बंद हाय त्यांची. दीपेश, त्यांचा मुलगा, मस्कतहून रोज फोन करून सांगायचा की आईला अजिबात कळू देऊ नका, तिला झेपणार नाही. दीपेशला आईला काय झेपतं हे कसं माहीत, असा प्रश्न जगनच्या मनात यायचा, पण थापाड्या बापाने पोराला असं विचारायचं नसतं.

शेअर रिक्षा भरली आणि रेल्वेवरच्या पुलावर चढली. शेजारी एक बाई मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन बसली होती, प्रत्येक खड्ड्याला जुड्या जगनच्या गुडघ्यावर पडायच्या आणि ती न बघता उचलून घ्यायची. पुलाच्या वरच्या टोकाला जगनला ते सुचलं. सुचलं असं म्हणायला नको, ते वर्गातच येऊन बाजूला बसलं होतं, आता फक्त त्याने तिकडे मान वळवली. टीबी. खोकला तोच, जागा तीच, छातीच्या फोटोतला डागही अडाण्याला तसाच दिसणार. मडमिणीला त्या काळात औषध नव्हतं म्हणून ती मेली, आता गोळ्या आहेत, सरकार फुकट देतं, सहा महिने घ्यायच्या आणि बरं व्हायचं. थाप म्हणून बघितलं तर इतकी नीट बसणारी थाप त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. मुंबईच्या चकरांचंही कारण होईल. पण लगेच दुसरं आलं: टीबी म्हणजे साधं. साधं म्हणजे वेणू ठमाबाईकडे जाणार नाही. ती इथे सुकापूरच्या गॅलरीत बसून तिनं यावा म्हणत राहील, आणि आठ-दहा महिने तसेच जातील. ते महिने तिचे होते. ती कोणाकडे जाऊन खर्च करील, कोणाशी भांडण मिटवील, कोणाच्या तोंडून आपलं नाव ऐकील, तो आकडा तिनेच मांडायचा होता. जगन तिच्या दाराला बाहेरून कुलूप लावून आत सरासरी टाकणार होता. हे सगळं त्याला स्वच्छ दिसलं, वहीत थीम लिहावी इतकं स्वच्छ. आणि स्वच्छ दिसूनही माणूस तेच करतो, हे त्या कादंबरीत कुठल्या पानावर आहे ते आठवायचा तो प्रयत्न करू लागला. मेथीवाली उतरली. एक पान त्याच्या पँटीला चिकटून राहिलं.

घरी आला तेव्हा ऊन गॅलरीच्या कठड्यावरून खाली सरकलं होतं. वेणू चटईवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती, मध्ये थांबून खोकत होती आणि खोकून झालं की आधीची शेंग कुठली होती ते शोधत होती. जगनने चहा केला. चार दिवसांत त्याला आलं किती घालायचं ते अजून जमलं नव्हतं. दोन कप घेऊन तो तिच्यासमोर बसला. तिने अर्धा कप प्यायला, तिखट झालाय म्हणाली आणि कप खाली ठेवून विचारलं, "मडमिणीचं काय झालं आज?"

त्याने सुरुवात चांगली केली. वर्गात निबंध वाचला, मिथुनने कशी फजिती केली, लाइट बिल म्हणाला, हे सांगितलं. वेणू तोंडावर पदर धरून हसली आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेपर्यंत तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि तसाच हात फिरवता फिरवता म्हणाला, तिला टीबी झालेली. मेली का मग, असं वेणूने विचारलं. जगन म्हणाला, "मरते कशाला? बरी झाली. नव्वद वर्षं जगली. नवरा मेला, डॉक्टर मेला, ती राहिली." मग तो थांबला नाही. थांबलं की संपलं, हे त्याला माहीत होतं. तुझा रिपोर्ट आज मिळाला, म्हणाला, कॉलेजातून येताना घेऊन आलो, घाबरायचं काही नाय, तुलाही तेच हाय. डॉक्टर हसत होता, एवढंच ना, म्हणाला. सकाळी लाल गोळी, संध्याकाळी पिवळी. सहा महिन्यांनी फोटो काढायचा, फोटो कोरा येतो. मुंबईला दाखवायला जावं लागंल एकदोनदा, तिथे ह्याचं मोठं मशीन हाय, खाली झोपायचं आणि वरून ते गाणी म्हणतं. त्याच्या मंडळातल्या एकाला झालेली, तो आता कर्नाळ्याचा किल्ला चढतो, सुळक्यापर्यंत, हातात काठीसुद्धा नाय. मंडळात असा कोणी माणूस नव्हता. पण बोलताना तो दिसायला लागला, त्याच्या अंगात निळा शर्ट आला, गुडघ्याला जखम आली, आणि जगन स्वतःच त्याच्यामागून किल्ला चढायला लागला.

वेणू ऐकत होती. वालाच्या शेंगा तशाच मांडीवर होत्या. एकदा तिने मान हलवली. एकदा म्हणाली, "मंग ठमीकडे जायला नको." ते तिने सुटका झाल्यासारखं म्हटलं की काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखं, ते जगनला कळेना, आणि कळू नये म्हणून तो आणखी जोरात बोलायला लागला. नको, कशाला, ती येईल, मी फोन लावतो, नको तर नाय लावत. घसा कोरडा पडला होता. समोर तिचा अर्धा राहिलेला चहा होता, गार झालेला, वर साय धरलेली. त्याने तो उचलला आणि त्या निळ्या शर्टातल्या माणसाला सुळक्यावर पोचवता पोचवता दोन घोटांत संपवून टाकला. कप खाली ठेवताना त्याच्या लक्षात आलं की वेणू त्याच्या तोंडाकडे बघत नाही, कपाकडे बघतेय.

"टीबी हाय ना मना?" तिने विचारलं.

"हो. सांगतोय काय मग मघापासनं."

तिने मांडीवरच्या शेंगा पदराने गोळा करून टोपलीत टाकल्या. मग कप उचलला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या बापाला टीबी झालेली तवा त्याचा कप तुमी पडवीत सुतळीनं टांगलेला. तो मेला तरी मना त्या कपाला हात लावू दिला नाय, म्हनं तुला धरंल. आन माझा उष्टा चा पिताय. टीबी नाय मना. खोटं बोलताय तुमी."